इटलीचं वासरू आणि बहुव्रीही

इटली हे नाव मराठीत आलं ते इंग्रजीचं बोट धरून. त्या देशातली माणसं स्वतः 'इतालिया' म्हणतात. शाळेच्या नकाशात बुटाच्या आकारावरून हा देश आपण चटकन ओळखतो, पण नावाचा उगम मात्र जोड्यात नसून गोठ्यात आहे.

रोमच्या दक्षिणेला राहणाऱ्या, ऑस्कन बोलणाऱ्या जमाती आपल्या मुलखाला 'वितेलिऊ' म्हणत. वासरांचा मुलूख, असा त्याचा अर्थ बहुतेक अभ्यासक लावतात. लॅटिनमध्ये वासरू म्हणजे 'वितुलुस', आजच्या इटालियनमध्ये 'वितेल्लो'. दक्षिण टोकाला वसलेल्या ग्रीकांच्या बोलीतून नावाच्या सुरुवातीचा 'व' गळाला आणि 'इतालिया' उरली. ही व्युत्पत्ती सर्वांना मान्य नाही. ग्रीक ग्रंथकारांपैकी काहींनी इतालुस नावाचा राजा पुढे केला, तर काहींनी पळालेल्या वासराचा माग काढत आलेल्या हेराक्लिसची गोष्ट सांगितली. नाव अडलं की राजा उभा करायचा, ही खोड आपल्याकडेही आहे. मध्य प्रदेशात, बालाघाट जिल्ह्यातल्या लामत्यापासून कोकणातल्या वाडीपर्यंत कुठल्याही गावाचं नाव विचारा, कुणीतरी एक राजा किंवा ऋषी काढून देतो. मला वासरू पटतं.

पटण्याचं कारण असं की हे वासरू आपल्याही दावणीला आहे. लॅटिन 'वितुलुस' आणि संस्कृत 'वत्स' यांचं मूळ एकच, आणि त्या मुळाचा अर्थ आहे 'वर्ष'. वर्षाचं झालेलं जनावर ते वत्स. म्हणून तर 'वत्सर' आणि 'संवत्सर' हे शब्द कालगणनेत आहेत. पुढे 'वत्सरूप'चं प्राकृतात 'वच्छरूव' झालं आणि मराठीत 'वासरू'. गायीला वासराविषयी जे वाटतं ते वात्सल्य. पाडव्याला पंचांगातलं संवत्सराचं नाव ऐकताना, वसुबारशीला गाय-वासरू पुजताना आणि आईचं वात्सल्य म्हणताना आपण त्याच धातूला हात लावत असतो ज्यातून इटलीचं नाव आलं. नावाच्या इतिहासात इतकी जवळची आणि इतकी अनपेक्षित सोयरीक क्वचित सापडते.

या वासराने एकदा शिंगंही उगारली आहेत. इ.स.पू. 91 मध्ये रोमच्या अंकित जमातींनी नागरिकत्वाच्या हक्कासाठी बंड केलं आणि आपली नाणी पाडली. काही नाण्यांवर 'वितेलिऊ' हे नाव आहे, आणि बैल लांडगीला शिंगांनी लोळवतो आहे असं चित्र आहे. लांडगी म्हणजे रोम, बैल म्हणजे इटली. लढाईत रोम वरचढ ठरलं, पण नागरिकत्व द्यावंच लागलं.

तेव्हाची 'इतालिया' आजच्याएवढी नव्हती. सुरुवातीला हे नाव बुटाच्या पंजापुरतं होतं, मग ते उत्तरेला सरकत गेलं आणि सम्राट ऑगस्टसच्या काळात आल्प्सच्या पायाशी पोचलं. आजचा देश सुमारे 3.02 लाख चौरस किलोमीटरचा, म्हणजे महाराष्ट्रापेक्षा थोडासा लहान. माणसं सुमारे 5.9 कोटी. एवढ्या जागेत तीन बाजूंनी समुद्र, वर बर्फाचे डोंगर, कण्यासारखी मधोमध उतरणारी अपेनाईन पर्वतरांग, आणि उत्तरेला पो नदीचं सपाट, पाणथळ, सुपीक खोरं. मात्र नाव दोन हजार वर्षं जुनं असलं तरी त्या नावाचं एक राज्य झालं ते 17 मार्च 1861 रोजी, आणि रोम त्यात आलं 1870 मध्ये. मराठी वाचकाला ही हकिकत माहीत झाली ती मुख्यतः या एकीकरणासाठी झगडलेल्या मॅझिनीमुळे. सावरकरांचं मॅझिनीवरचं पुस्तक 1907 मध्ये पुण्यात निघालं आणि इंग्रज सरकारने त्यावर बंदी घातली.

राज्य एक झालं तेव्हा भाषा एक नव्हती. तुल्लियो दे माउरो या भाषाअभ्यासकाचा अंदाज असा की 1861 मध्ये ज्याला आपण इटालियन म्हणतो ती भाषा येणारी माणसं शंभरात जेमतेम अडीच होती. बाकीचे व्हेनिसची, नेपल्सची, सिसिलीची आपापली बोली बोलत. इतरांनी हा आकडा बराच वर नेला, पण चित्र तेच राहतं. बालाघाटच्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. तिथे घरात पोवारी, मराठी नाहीतर गोंडी, आणि शाळेत, कचेरीत हिंदी. 1956 पर्यंत हा जिल्हा नागपूरबरोबर एका प्रांतात होता. सीमा हलली, पण माणसांच्या तोंडातले शब्द तिथेच राहिले.

बालाघाट हे नावही या ओघात पाहण्याजोगं. फारसीत 'बाला' म्हणजे वर, म्हणून घाटावरचा तो बालाघाट. गंमत अशी की ज्या शहराला आज बालाघाट म्हणतात ते खाली, वैनगंगेच्या खोऱ्यात आहे. त्याचं जुनं नाव बुढा. बालाघाट हे आधी जिल्ह्याचं नाव होतं, ते नंतर जिल्ह्याच्या ठाण्याला चिकटलं. वऱ्हाडातही एक बालाघाट होता, आणि त्याच्या जोडीला खालचा 'पाईनघाट'. हा 'पाईन' फारसी 'पाय'वरून आला, आणि फारसीतला पाय नि मराठीतला पाय एकाच घरातले.

आता इटलीच्या वायव्येचा प्रांत घ्या. नाव 'पिएमोन्ते', म्हणजे डोंगराचा पाय. पर्वताच्या पायथ्याचा मुलूख, सरळ अर्थाने पाईनघाट. त्यातला 'पिए' लॅटिन 'पेस, पेदिस'मधून आला, आणि तो संस्कृत 'पाद'चा सख्खा चुलतभाऊ. इटलीला एक करणारं राजघराणं याच प्रांतात राज्य करत होतं. घाटावरच्यांनी पायथ्याकडे तुच्छतेने पाहायचं, ही आपली रीत तिथे कामाला आली नाही.

पिएमोन्तेत शिरलो की लामत्याच्या माणसाला ओळखीचं काही दिसेल, तर ती धानाची शेती. व्हेर्चेल्ली आणि नोव्हारा हे जिल्हे, आणि शेजारच्या लोम्बार्दीतला पावीया, हा युरोपातला सर्वांत मोठा भातपट्टा. 1475 मध्ये मिलानच्या ड्यूकने फेर्राराच्या ड्यूकला बारा पोती धान पाठवल्याचं पत्र आहे, त्यावरून तिथल्या धानाचं वय काढतात. इटलीच्या एकीकरणाचा कर्ता कावूर स्वतः व्हेर्चेल्लीजवळ धानाची शेती करवून घेत असे. तो 1861 मध्ये वारला. पुढे 1863 ते 1866 या काळात पो नदीतून या पट्ट्यासाठी मोठा कालवा खोदला, त्याला त्याचंच नाव दिलं.

तांदळाला इटालियनमध्ये 'रीसो' म्हणतात. हा शब्द आला लॅटिन-ग्रीक 'ओरिझा'वरून, ग्रीकांनी तो घेतला इराणी भाषांकडून, आणि त्या इराणी शब्दाचा जोडीदार आहे संस्कृत 'व्रीही'. व्रीही मराठी स्वयंपाकघरातून गेला. आपण तांदूळ, धान, भात म्हणतो. तो टिकला व्याकरणाच्या पुस्तकात, बहुव्रीही समासात. ज्याच्याकडे पुष्कळ धान आहे तो बहुव्रीही. समास पाठ करताना हे शाळेत कुणी सांगत असेल तर उत्तम, माझ्या वाट्याला फक्त 'नीलकंठ' आला. बालाघाटचा शेतकरी या अर्थाने खरा बहुव्रीही, आणि त्याच्या चिन्नोर तांदळाला 2021 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तिकडे 'रिसोत्तो' ज्या तांदळाचा करतात त्यातल्या एका वाणाचं नाव आर्बोरियो, हे व्हेर्चेल्ली जिल्ह्यातल्या एका गावाचं नाव.

बांधीत चिखल करून पऱ्हे रोवणं, मग वाकून निंदण काढणं, हे काम तिथेही बायांच्याच अंगावर पडलं. त्या बायांना म्हणत 'मोंदीना', 'मोंदारे' म्हणजे साफ करणे यावरून. मराठीत सरळ 'निंदणारी'. उन्हाळ्याच्या तोंडावर दूरदूरच्या गावांतून त्या टोळ्यांनी येत, गुडघाभर पाण्यात दिवसभर उभ्या राहत, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आठ तासांच्या कामासाठी त्यांनीच संप केले. 1949 मध्ये त्यांच्यावर 'रीसो आमारो' हा चित्रपट निघाला. 'रीसो' म्हणजे तांदूळ आणि 'रीसो' म्हणजे हसू, दोन वेगळ्या मुळांचे शब्द उच्चारात एक झालेले. कडू तांदूळ म्हणा नाहीतर कडू हसू.

पाणथळ शेताबरोबर ताप येतो, आणि तापाबरोबर इटालियन भाषा आपल्या घरात शिरली. 'माल आरिया', वाईट हवा. दलदलीतून वर येणाऱ्या दूषित हवेने हा ताप येतो असं रोमच्या परिसरात मानत, म्हणून मलेरिया. मराठी 'हिवताप' अधिक प्रामाणिक वाटतो. कारण माहीत नव्हतं तेव्हा कारण सांगायच्या फंदात तो पडला नाही, थंडी वाजते आणि ताप भरतो एवढंच म्हणाला. रोनाल्ड रॉसने 1897 मध्ये सिकंदराबादेत डासाच्या पोटात परजीवी पाहिला, पुढच्याच वर्षी ग्रास्सी या इटालियन शास्त्रज्ञाने माणसाचा मलेरिया अॅनोफिलिस डास पसरवतो हे दाखवलं. हवा निर्दोष सुटली, तरी नावातून तिची सुटका झाली नाही. इटली 1970 मध्ये मलेरियामुक्त जाहीर झाली. बालाघाट-मंडल्याच्या जंगलपट्ट्यात मात्र हा इटालियन पाहुणा पुष्कळ वर्षं मुक्काम ठोकून राहिला.

दुसरा शब्द इन्फ्लुएन्झा. मूळ अर्थ प्रभाव, तोही ग्रहताऱ्यांचा. साथ येते ती ग्रहमान बिघडल्यामुळे, ही समजूत आपल्या साडेसातीच्या शेजारची. 1918 ची साथ आली तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा देशातल्या सर्वाधिक झोडपल्या गेलेल्या प्रांतांपैकी एक होता. गावांनी ग्रहांना मध्ये न आणता तिला नाव दिलं 'मानमोडी'. साथ बघून ठेवलेलं असं रोखठोक नाव कुठल्याही लॅटिन मुळावर भारी आहे. क्वारंटाइनही तिकडचाच, व्हेनिसच्या बोलीत 'चाळीस दिवस'. जहाजातल्या माणसांना चाळीस दिवस बंदराबाहेर ठेवत. आपल्या बाळंतिणीचा सव्वा महिना याच हिशेबाजवळ येतो.

'बँक'ही इटालियन सराफाच्या 'बांको'वरून, म्हणजे बाकावरून. त्याचं बाक मोडलं की 'बांका रोत्ता', म्हणून बँकरप्ट. आपल्याकडे बुडालेला सावकार भरदिवसा दिवा लावून बसे, म्हणून दिवाळं, असं सांगतात. दोन्ही गोष्टींत रंग भरलेला असावा.

ही सगळी उसनवारी अलीकडची, इंग्रजीमार्फत आलेली. जुनं नातं फार लवकर टिपणाऱ्यांपैकी एक होता फिलिप्पो सास्सेत्ती नावाचा फ्लोरेन्सचा व्यापारी. 1583 मध्ये तो कोचीनला उतरला. मिरीचे भाव पाहता पाहता त्याने संस्कृताची चौकशी केली आणि 1585 मध्ये मायदेशी पत्रातून कळवलं की देव, सर्प, सात, आठ, नऊ हे शब्द आपल्यासारखे आहेत. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिनचं मूळ एक असावं असं सांगणारं विल्यम जोन्सचं प्रसिद्ध भाषण 1786 चं, म्हणजे दोनशे वर्षांनंतरचं. सास्सेत्ती 1588 मध्ये गोव्यात वारला, पुढे काही लिहायला उरला नाही.

त्याने यादी पुढे नेली असती तर त्याला घरच सापडलं असतं. सासू म्हणजे 'सुओचेरा', सासरा 'सुओचेरो', सून 'नुओरा', नातू 'निपोते', विधवा 'व्हेदोव्हा'. यातला एकही शब्द कुणी कुणाकडून उसना घेतलेला नाही, दोघांकडे तो वाडवडिलांकडून आला. इटालियन माणसांविषयी पुस्तकं त्यांचं चित्रकाम आणि खाणं सांगतात. मला त्यांची ओळख करून द्यायची झाली तर मी सासू-सून इथूनच सुरुवात करीन, कारण तिकडेही चेष्टेचा तो पहिला विषय आहे.

या माणसांना मराठीत म्हणायचं काय, हे अजून ठरलेलं नाही. इटालियन म्हणतो, ते इंग्रजीच्या ताटातलं. 'इटलीकर' म्हटलं तर हसतील, पण त्यांच्याही आडनावांत आपला 'कर' दडलेला आहे. 'दा विंची' म्हणजे विंची गावचा, सरळ लिओनार्दो विंचीकर. एकवचनी 'तू' दोन्हीकडे तोच. आदरार्थी मात्र वाटा फुटतात. आपण 'तुम्ही' म्हणतो, दक्षिण इटलीतही 'व्होई' म्हणजे तुम्ही चालतं, पण शिष्ट इटालियनमध्ये आदरणीय गृहस्थाला 'लेई' म्हणतात, म्हणजे 'ती'. जुन्या काळी त्यांना 'आपली सरकारस्वारी' अशा अर्थाचा स्त्रीलिंगी शब्द लावत, त्या शब्दाचं हे सर्वनाम मागे राहिलं. मुसोलिनीला ते बायकी वाटलं आणि 1938 मध्ये त्याने 'लेई'वर बंदी आणून 'व्होई' सक्तीचं केलं. मुसोलिनी गेला, 'लेई' परत आली.