वारशाने आलेले चाक

जुगाराचे चाक वारशाने मिळण्याचा प्रसंग आपल्याकडे क्वचितच यायचा. अमेरिकेत मात्र आजोबांच्या पश्चात तळघर आवरताना असे एखादे चाक निघते आणि वारसांपुढे दोन प्रश्न उभे राहतात. हे नेमके काय आहे? आणि याचे मोल किती? उत्तरे शोधताना इतिहासाबरोबर लाकडाचे गुणधर्म आणि संभाव्यतेचे गणितही कामी येते, म्हणून हा विषय आम्ही येथे घेत आहोत.

पहिल्यांदा पाहायचे ते चाक उभे फिरते की आडवे. उभे चाक म्हणजे जत्रेतल्या चक्रीचे थोरले भावंड. कडेला खिळे, वर चामड्याची पट्टी. पट्टी खिळ्यांवर आपटत आपटत चाक थांबते. त्यावर ५४ घरे आणि प्रत्येक घरात तीन फाशांची चित्रे असतील, तर तो ‘बिग सिक्स’ हा खेळ. चाक आडवे असेल, लाकडी परातीसारख्या भांड्यात फिरत असेल आणि त्यात गोळी सोडत असतील, तर ते रुले.

रुलेचा शोध पास्कालने लावला असे पुष्कळ ठिकाणी छापलेले आढळते. फिरत पुढे जाणाऱ्या चाकाच्या कडेवरील बिंदू जो वक्र काढतो, त्याला त्या काळी फ्रेंचमध्ये ‘रुलेत’ म्हणत आणि त्या वक्रावर पास्कालने १६५८ साली लिहिले होते. बहुधा या नामसाम्यातूनच ती कथा वाढली असावी. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये दोन शून्यांचे रुले खेळले जात होते. १८४३ मध्ये जर्मनीतील होम्बुर्ग येथे ब्लां बंधूंनी गिऱ्हाईक ओढण्यासाठी एक शून्य काढून टाकले. अमेरिकेत दोन्ही शून्ये टिकली. तिथल्या काही जुन्या चाकांवर तर १ ते २८ अंक, ०, ०० आणि एक गरुड अशी ३१ घरे असत.

म्हणून घरे मोजावीत. त्यातून चाकाचे कूळ कळते आणि मालकाची हावही कळते. एका अंकावर लावलेला रुपया जिंकला, तर लावलेल्या रुपयासह ३६ परत मिळतात. घरे ३७ असतील तर मालकाचा सरासरी वाटा १/३७, म्हणजे २.७ टक्के, ३८ असतील तर २/३८, म्हणजे ५.३ टक्के. गरुडाच्या चाकावर परत मिळत २७ आणि घरे ३१, म्हणजे वाटा जवळजवळ १३ टक्के! वर्गात हे उदाहरण देऊन पाहावे.

परंतु गरुड आज कोणीही रंगवू शकतो. वयाचा पुरावा वेगळा शोधावा लागतो. अधिकच्या चिन्हासारखी खाच असलेले स्क्रू १९३० नंतरच्या दशकात प्रचारात आले. असे स्क्रू सगळीकडे असतील तर चाक त्याआधीचे नाही. एखाददुसराच असेल तर ती दुरुस्ती समजावी. मागे चिकटवलेला कागद अतिनील प्रकाशात निळसर चमकला, तर त्यात शुभ्रता वाढवणारी रसायने आहेत, आणि ती साधारण १९५० नंतर कागदात सर्रास येऊ लागली.

सर्वात बोलका साक्षीदार लाकूड. लाकूड सुकताना रेषांना आडवे बरेच आकसते, रेषांच्या दिशेने जवळजवळ नाही. साहजिकच अखंड फळ्यांतून कातलेले गोल चाक अनेक वर्षांनी किंचित लंबवर्तुळाकार होते. एकदा रेषांना समांतर आणि एकदा काटकोनात व्यास मोजावा. दोन्ही तंतोतंत सारखे भरले तर संशय घ्यावा. (चांगले कारागीर लहान तुकडे जोडून चाक बांधत, तिथे ही परीक्षा लागू पडत नाही.)

गंमत अशी, की जी झीज वयाची साक्ष देते तीच जुगारगृहाला नको असते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यॉर्कशायरच्या कापड धंद्यातील जोसेफ जॅगर याने माँटे कार्लोला माणसे बसवून अंकांची नोंद करवली आणि एका कललेल्या चाकावर मोठी रक्कम जिंकली. यंत्र कितीही चांगले असले तरी थोडे डुगडुगतेच, हे त्याला गिरणीने शिकवले असावे. पुढे अल्बर्ट हिब्ज आणि रॉय वॉलफर्ड या विद्यार्थ्यांनी १९४७ मध्ये अमेरिकेतील रीनो शहरात हेच केले.

घरच्या चाकाची अशी परीक्षा घ्यायची तर चिकाटी हवी. ३८ घरांचे चाक ३,८०० वेळा फिरवले, तर प्रत्येक अंक सरासरी १०० वेळा येईल. पण निव्वळ योगायोगानेही त्यात दहाएकांचा फरक सहज पडतो. खेळणाऱ्याला फायदा व्हायला मात्र १०६ पुरे! म्हणजे फायद्याचा कल योगायोगाच्या पोटातच लपलेला असतो. दोनशे फेऱ्या मारून ‘सात जास्त येतो’ म्हणणाऱ्यांवर आम्ही विश्वास ठेवणार नाही.

आता मोलाचा प्रश्न. विक्रेत्यांनी मागितलेल्या किमती पाहू नयेत. तशाच चाकाला लिलावात प्रत्यक्ष मिळालेली किंमत पाहावी. कारखान्याचे नाव, मूळ रंग आणि वापराच्या खुणा यांना संग्राहक पैसे मोजतात. म्हणून चाक घासून नवे वार्निश लावणे हे सर्वात महागडे कौतुक. गोळी हस्तिदंती असेल तर ती विकण्याआधी कायदा विचारावा. जुगाराच्या साधनांविषयीचे कायदेही अमेरिकेत राज्याराज्यांत वेगवेगळे आहेत.

शेवटी चाकाची मागची बाजू तपासावी. उभ्या चाकाचा खांब पोकळ आहे का? आसावर घासल्याची खाच आणि तिथून पायापर्यंत जाणारी तार आहे का? असल्यास तो छुपा ब्रेक होय. रुलेच्या मेजाखाली विद्युतचुंबक आणि गोळीत लोखंड दडवण्याचीही रीत होती. साधा चुंबक गोळीजवळ धरला की उलगडा होतो. असे काही सापडले की वारस ओशाळतात, आजोबा फसवत होते की काय असे वाटते. चाकावरून तेवढे सिद्ध होत नाही. त्यांनी ते आहे तसेच विकत घेतलेले असू शकते. पण लाजेखातर ती तार उपटून टाकू नये. फसवणुकीची मूळ यंत्रणा शाबूत असलेले चाक संग्राहकांना साध्या चाकाहून अधिक हवे असते.