पंचांच्या पारापासून समुपदेशकाच्या खोलीपर्यंत

विस्कटू लागलेल्या संसाराची गाऱ्हाणी ऐकून घेणारी, नवराबायकोची समजूत घालणारी आणि ते न साधल्यास निवाडा करणारी माणसे महाराष्ट्रात पूर्वापार होती. परंतु त्या संसारातल्या मुलांचे पुढे काय, हा प्रश्न अशा निवाड्यांत अग्रस्थानी येण्यास मात्र विलक्षण काळ लागला, आणि आपल्या विवाहविषयक संस्थांच्या इतिहासात मला हाच भाग सर्वांत चिंतनीय वाटतो.

पेशवाई अस्तास गेली त्या सुमारास अशा कज्ज्यांचे पहिले ठिकाण म्हणजे जातीची पंचाईत. एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत आर्थर स्टील याने दख्खनमधील जातींचे रीतिरिवाज जमवून १८२७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले, आणि त्या काळच्या विवाहव्यवहाराची माहिती आपल्याला बरीचशी अशा संग्रहांतूनच मिळते. अनेक जातींत सोडचिठ्ठी अथवा फारकत होऊन स्त्रीला पुन्हा पाट लावता येई; ब्राह्मणादि वर्णांत विवाह हा अविच्छेद्य संस्कार मानला गेल्यामुळे गांजलेल्या स्त्रीला माहेरचा उंबरठा हाच काय तो आश्रय. पंचांची चौकशी चाले ती लग्नखर्चाची, दागिन्यांची, दंडाची आणि जातगोताच्या अब्रूची. मुले बापाच्या कुळाची, हा सर्वसाधारण समज असल्यामुळे त्यांच्याविषयी वेगळा वाद मांडण्याचे कारणच कोणाला दिसत नसे. पंच त्याच गावचे आणि दोन्ही घरे ओळखणारे असल्याने त्यांच्या शब्दाला जे वजन असे, ते पुढे कोणत्याही सरकारी अंमलदाराच्या हुकमाला सहसा आले नाही, हे मान्य केलेच पाहिजे. पण त्या बैठकीत स्त्रीची बाजू बहुधा तिचा बाप किंवा भाऊ मांडी, आणि मुलाची बाजू मांडणारे तर कोणीच नसे.

इंग्रजी अमलात दिवाणी अदालती आल्या आणि १८९० साली पालक व पाल्य कायदा झाला. या कायद्याच्या पोटात दोन परस्परविरुद्ध विचार एकत्र नांदत होते. एका कलमाने न्यायाधीशास अज्ञानाचे हित पाहण्यास, इतकेच नव्हे तर मूल समजत्या वयाचे असल्यास त्याची इच्छाही विचारात घेण्यास सांगितले. तर दुसऱ्या कलमाने, बाप हयात असून अपात्र ठरत नाही तोवर अन्य पालक नेमण्यास न्यायाधीशास मज्जाव केला. मुलाचे हित आणि बापाचा हक्क यांतील हा झगडा कायद्याच्या भाषेत प्रथम उमटला तो येथे. १९५६ च्या अज्ञानत्व व पालकत्वाच्या हिंदू कायद्याने मुलाचे कल्याण सर्वोपरी ठरवले आणि पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईजवळ असावे असे सांगितले, तरी नैसर्गिक पालक म्हणून नाव प्रथम बापाचेच राहिले.

मुंबई प्रांताने १९४७ साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला, आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने तर, दाद देण्यापूर्वी शक्य असेल तेथे उभयतांत समेट घडवण्याचा प्रयत्न करण्याचे कर्तव्यही न्यायाधीशावर टाकले. हेतू उदात्त होता. पण ज्या दालनात सकाळपासून जमिनीच्या वाटण्या आणि भाडेकरूंचे दावे चालत, वकील एकमेकांच्या अशिलांची अब्रू उलटतपासणीत काढीत आणि तारखेमागून तारीख पडत जाई, तेथे दुखावलेल्या दोन जिवांनी मन मोकळे करावे ही अपेक्षाच अवास्तव होती. तशा वातावरणात मूल हे बहुधा एकमेकांवर दडपण आणण्याचे साधन बने, याहून दारुण गोष्ट कोणती?

ही उणीव ओळखून १९८४ साली कुटुंब न्यायालयांचा कायदा झाला, आणि १९८९ साली पुण्यात व मुंबईत अशी न्यायालये सुरू झाली. त्याच १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईत पोलिसांच्या आवारातच स्त्रिया व बालकांसाठी विशेष कक्ष उघडला आणि तेथे खाकी गणवेशाऐवजी प्रशिक्षित समाजकार्यकर्ते बसवले, ही गोष्टही येथे नमूद केलीच पाहिजे. कारण घरात मार खाणारी बाई न्यायालयाआधी पोलीस चौकीचीच पायरी चढते. कुटुंब न्यायालयात वकील लावणे हा पक्षकाराचा हक्क राहिला नाही, सुनावणी बंद दाराआड घेण्याची मोकळीक मिळाली, आणि विवाह समुपदेशक ही एक नवी व्यक्ती न्यायदानाच्या व्यवस्थेत आली. पंचांप्रमाणे ती उभयतांना समोर बसवते, परंतु निवाडा देत नाही; आधी एकेकाचे, मग दोघांचे ऐकते, मुलाशीही बोलते, आणि संसार जोडणे अशक्य दिसले तर निदान मुलाने कोणाजवळ राहावे, सुट्टी कोठे घालवावी आणि शाळेचा खर्च कोणी सोसावा, यावर दोघांचे एकमत घडवू पाहते. तिच्यापुढे झालेले बोलणे पुढे साक्षीपुरावा म्हणून वापरले जात नाही, ही या व्यवस्थेची मला सर्वांत मोलाची वाटणारी तरतूद. माणूस खरे बोलू लागतो तो अशा अभयाखालीच. मार खाल्लेल्या स्त्रीला ‘मुलांसाठी’ म्हणून त्याच घरात परत धाडण्याचा मोह मात्र समुपदेशकाने कटाक्षाने टाळला पाहिजे, कारण तो पंचांच्या पारावरचा जुना दोष आहे आणि नव्या खोलीतही तो सहज शिरू शकतो.

मात्र ही न्यायालये दहा लाखांवर लोकवस्तीच्या शहरांतच सक्तीची असून अन्यत्र ती स्थापणे सरकारच्या विवेकावर सोपवलेले आहे. जेथे ती नाहीत तेथे आजही तालुक्याच्या गावची स्त्री, कडेवर मूल घेऊन, जमिनीच्या दाव्यांच्या रांगेतच आपल्या नावाचा पुकारा होण्याची वाट पाहत असते.