डाव्या तर्जनीचा ठसा

पत्ता ही गोष्ट वरवर किती निरुपद्रवी वाटते! टपालवाल्याला घर सापडावे, एवढाच तिचा उपयोग, अशी सुखवस्तू माणसाची समजूत असते. आपली तशी समजूत असण्याचे कारण नाही. ‘कुठले तुम्ही?’ या प्रश्नाच्या पोटात दुसरा कोणता प्रश्न दडलेला असतो, हे भाड्याची खोली शोधत शहराच्या पेठांतून फिरलेल्या आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक आहे. महारवाडा, मांगवाडा, चांभारवाडा हे पत्तेच होते. वस्त्यांची ही जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घ्यायला महाराष्ट्र शासनाला डिसेंबर २०२० उजाडावा लागला.

जपानमधील कोरियन लोकांच्या नोंदणीचा इतिहास मी वाचू लागलो तो या जाणिवेतून. परकीय रहिवाशाने आपला पत्ता किती दिवसांत आणि कोणत्या खिडकीवर जाऊन कळवावा, हा विषय आपल्या पुष्कळ विचारवंतांना क्षुल्लक वाटेल. क्रांतीची भाषा बोलणाऱ्याला अर्जाच्या रकान्यांत रस नसतो. मला मात्र तो आहे. माझ्या आजोबांच्या पिढीने हजेरीचे रजिस्टर पाहिले आहे, आणि त्या रजिस्टरचे नातेवाईक जगात कुठे कुठे पसरले याचा शोध घेणे मला माझ्याच इतिहासाचा भाग वाटतो.

जपानने १९१० साली कोरिया गिळंकृत केला. कोरियन माणूस कागदोपत्री जपानी सम्राटाचा प्रजाजन झाला. खाणींत, बंदरांवर, रस्त्यांच्या कामांवर, आधी पोटासाठी आणि महायुद्धाच्या काळात सक्तीने, कोरियन मजूर जपानमध्ये आले. १९४५ मध्ये त्यांची संख्या सुमारे वीस लाख होती. युद्ध संपताच बहुतेक परत गेले. सुमारे सहा लाख मागे राहिले. प्रजाजन असले तरी त्यांची कुटुंब-नोंद, जिला जपानी भाषेत ‘कोसेकी’ म्हणतात, ती कोरियातच ठेवलेली होती; ती जपानच्या मुख्य भूमीवर हलवण्याची मुभा नव्हती. कोसेकी ही साधी जन्म-मृत्यूची वही नाही. माणूस कोणत्या घराचा आणि कोणत्या मूळ ठिकाणचा, हे त्या वहीवरून ठरते. साम्राज्य वाढवताना सगळे एकाच सम्राटाची लेकरे होती. साम्राज्य बुडाल्यावर वही काढली गेली. डिसेंबर १९४५ मध्ये निवडणूक कायदा बदलून, ज्यांची कोसेकी मुख्य भूमीवर नाही त्यांचा मताधिकार स्थगित करण्यात आला. त्याआधी जपानमध्ये राहणाऱ्या कोरियन पुरुषांना मत होते.

पुढची तारीख फार बोलकी आहे. ३ मे १९४७ रोजी जपानचे नवे संविधान अमलात यायचे होते. त्याच्या आदल्या दिवशी, २ मे रोजी, सम्राटाच्या नावाने परकीय-नोंदणीचा हुकूम निघाला. कोरियन आणि तैवानी लोकांना या हुकुमापुरते ‘तूर्त परकीय समजावे’, असे त्यात होते. गंमत अशी, की हेच शासन दुसऱ्या तोंडाने सांगत होते की हे लोक अजून जपानी नागरिकच आहेत; म्हणून त्यांच्या मुलांनी जपानी शाळांतच गेले पाहिजे. १९४८-४९ मध्ये कोरियन शाळा बंद पाडल्या गेल्या त्या या आधारावर. कर्तव्यापुरता आपला आणि हक्काच्या वेळी परका! हे तर्कशास्त्र गावकुसाबाहेरच्या माणसाला नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही.

संविधानाचीही एक कथा आहे. अमेरिकी अधिकाऱ्यांनी तयार केलेल्या मसुद्यात कायद्यापुढे सर्व माणसे समान आहेत असे होते, परकीयांना कायद्याचे समान संरक्षण देणारे वेगळे कलमही होते. जपानी नोकरशहांनी वाटाघाटींत ते कलम गाळले आणि ‘माणसे’ या शब्दाच्या जागी ‘कोकुमिन’, म्हणजे राष्ट्राचे लोक, हा शब्द बसवला. अंतिम संविधानात हे कलम चौदावे आहे. आता आपले चौदावे कलम काढून पाहा. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने घडवलेल्या संविधानात तेथे ‘कोणत्याही व्यक्तीस’ असे शब्द आहेत; नागरिक हा शब्द पुढे पंधराव्या कलमात येतो. एका शब्दाच्या निवडीने किती लाख माणसे आत येतात किंवा बाहेर राहतात, हे कळायला ही दोन चौदावी कलमे शेजारी ठेवून वाचावीत.

१९ एप्रिल १९५२ रोजी जपानच्या न्याय मंत्रालयाच्या एका विभागप्रमुखाने परिपत्रक काढले : शांतता करार अमलात येताच कोरियन आणि तैवानी लोकांचे जपानी नागरिकत्व संपेल. कोणाला विचारले नाही, पर्याय दिला नाही. २८ एप्रिलला करार अमलात आला, आणि परकीय-नोंदणीचा कायदाही त्याच दिवशी आला. यात जपानमध्ये जन्मलेली, जपानीखेरीज दुसरी भाषा न येणारी मुले होती. तीही परकीय झाली.

कायद्याने काय मागितले? नोंदणीचे प्रमाणपत्र चौदा वर्षांवरील प्रत्येकाने सतत जवळ बाळगायचे आणि पोलिसाने मागताच दाखवायचे. घर बदलले की चौदा दिवसांत नव्या ठिकाणच्या कचेरीत जाऊन कळवायचे. ठरावीक वर्षांनी प्रमाणपत्र नवे करून घ्यायचे. चुकले तर फौजदारी गुन्हा, एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. जपानी माणसानेही पत्ता बदलल्यावर कळवायचेच असते. पण तो विसरला तर किरकोळ रक्कम भरून सुटतो, गुन्हेगार ठरत नाही. काम तेच, खिडकी तीच, विसरभोळेपणाही तोच. आणि सर्वांत वर बोटाचा ठसा. विरोधामुळे त्याची अंमलबजावणी १९५५ पर्यंत लांबली. मग डाव्या तर्जनीला काळी शाई फासून, बोट एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरवून ठसा घेणे सुरू झाले. दर नूतनीकरणाला पुन्हा.

हा ठसा कोठून आला? आपल्याकडून. १८५८ मध्ये बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराच्या हाताचा ठसा करारावर घेतला. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांची कचेरी निघाली. ठशांचे वर्गीकरण बसवण्याचे मोठे काम अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी केले. पद्धतीला नाव मात्र साहेबाचे, एडवर्ड हेन्रीचे, मिळाले. पुढे ट्रान्सवालमधील हिंदी लोकांवर हीच सक्ती आली. तेथे १९०६ मध्ये सुरू झालेला लढा, १६ ऑगस्ट १९०८ रोजी जोहान्सबर्गच्या मशिदीसमोर केलेली नोंदणी-पत्रांची होळी, हे सारे आपण शाळेत शिकतो. ते शिकवावेच. पण गुन्हेगार जमाती कायद्याच्या १९११ च्या रूपाने याच देशात कैकाडी, मांग-गारुडी, पारधी यांच्या बोटांचे ठसे घेण्याचा, त्यांना ठरावीक वेळी हजेरी द्यायला लावण्याचा आणि मुक्काम बदलण्याआधी कळवायला लावण्याचा अधिकार सरकारला मिळाला, हे कोणत्या इयत्तेत शिकवतात? सोलापूरच्या सेटलमेंटचे तारेचे कुंपण पाठ्यपुस्तकात का येत नाही? ट्रान्सवालमध्ये जो अपमान होता तो सोलापुरात बंदोबस्त कसा झाला, याचे उत्तर आमच्या इतिहासकारांनी द्यायचे आहे. आपल्याकडे केंद्राने हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द केला. जपानने त्याच साली चार महिने आधी आपले रजिस्टर उघडले होते.

१९९६ साली अस्पृश्य समजल्या गेलेल्या बुराकू समाजाच्या चळवळीचा अभ्यास करायला मी ओसाकात गेलो. ९० दिवसांच्या आत नोंदणी करणे मला भाग होते. एका कचेरीत माझ्या डाव्या तर्जनीचा ठसा घेतला गेला. शाई नव्हती. बोटाला लावायचे द्रव रंगहीन होते. कागदावर ठसा काळा उमटे, बोट स्वच्छ राही. ही सुधारणा १९८५ च्या विरोधानंतरची. लोक म्हणत होते, आम्हाला गुन्हेगारासारखे वागवू नका. शासनाने ऐकले ते एवढेच, की बोट काळे होते. पुढे मी खोली बदलली तेव्हा चौदा दिवसांच्या आत पुन्हा रांगेत उभा राहिलो आणि कारकुनाने प्रमाणपत्राच्या पाठीवर नवा पत्ता लिहून दिला. माझी घरमालकीण वृद्ध कोरियन बाई होती. तिने माझे कार्ड उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाली, “तुम्हा विद्यार्थ्यांचे बरे आहे. आमच्या वेळी बोट दोन दिवस काळे राहायचे. भात कालवताना दिसायचे.” तिला स्वतःला आता ठसा द्यावा लागत नव्हता; कायमच्या रहिवाशांची ती सक्ती जानेवारी १९९३ पासून उठली होती.

ती आपोआप उठली नाही. आधी १९७० चे एक प्रकरण सांगितले पाहिजे. जपानमध्ये जन्मलेला पार्क चोंग-सोक नावाचा कोरियन तरुण हिताची कंपनीच्या परीक्षेत उत्तीर्ण झाला. अर्जात त्याने आपले रोजचे जपानी नाव लिहिले आणि ‘मूळ स्थान’ या रकान्यात जन्मगाव लिहिले. कंपनीने कोसेकीची नक्कल मागितली. परकीयाला कोसेकी नसते. त्याने तसे सांगताच नेमणूक रद्द झाली, कारण दिले खोटी माहिती पुरवल्याचे. तो न्यायालयात गेला आणि १९७४ मध्ये योकोहामाच्या न्यायालयात जिंकला. पुढे निवृत्त होईपर्यंत त्याने त्याच कंपनीत नोकरी केली. पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, बुराकू वस्त्यांची नावे व ठिकाणे छापलेले पुस्तक कंपन्यांना गुप्तपणे विकले जात असल्याचे उघडकीस आले. उमेदवाराचा पत्ता त्या पुस्तकाशी ताडून पाहायचा, की जात कळली! एकाला कोसेकी नाही म्हणून नोकरी नाही. दुसऱ्याला ती आहे, पण तिच्यातले गाव यादीत आहे म्हणून नाही. कोरियन आणि बुराकू या दोघांची वेदना एक नाही, इतिहासही एक नाही. पण दोघांना अडवणारा रकाना एकच होता.

१० सप्टेंबर १९८० रोजी टोकियोच्या शिंजुकू वॉर्डाच्या कचेरीत हान जोंग-सोक या गृहस्थाने ठसा देण्यास नकार दिला. सभा नाही, मोर्चा नाही. एकट्या माणसाचा नकार. ‘नकार’ या शब्दाला आपल्या साहित्यात जी धार आहे तिची आठवण मला येथे होते. १९८४ मध्ये टोकियोच्या न्यायालयाने त्याला दहा हजार येन दंड केला. पण तोवर नकार पसरला होता. कोकुरा येथील पाद्री चोए चांग-ह्वा यांचे घर त्यात होते. या माणसाने आपले नाव कोरियन उच्चारानेच घ्यावे म्हणून सरकारी प्रसारण संस्थेवर एक येनचा दावा लावला होता! दावा ते हरले, पण माणसाचे नाव हा त्याच्या व्यक्तित्वाचा भाग आहे हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये मान्य केले. त्यांची पियानोवादक मुलगी चोए सुन-ए हिने १९८१ मध्ये ठसा नाकारला. १९८६ मध्ये ती शिकायला अमेरिकेला निघाली तेव्हा शासनाने परत येण्याचा परवाना दिला नाही. ती गेलीच, आणि जन्मभूमीत राहण्याचा कायमचा हक्क तिने गमावला. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही ती हरली. हक्क परत मिळाला तो २००० मध्ये, कायदा बदलल्यावर.

१९८५ हे मोठ्या प्रमाणावर नूतनीकरणाचे वर्ष होते. हजारोंनी ठसा नाकारला किंवा लांबणीवर टाकला. कावासाकीचे महापौर इतो साबुरो यांनी, नकार देणाऱ्यांची तक्रार आपली नगरपालिका पोलिसांत करणार नाही, असे जाहीर केले. खिडकीमागे बसणाऱ्या कारकुनांनाच हे काम नकोसे झाले होते, ही बाब मला फार महत्त्वाची वाटते. मे महिन्यात पोलिसांनी तेथील ली सांग-हो यांना तरीही अटक केली. १९८९ मध्ये सम्राट हिरोहितोंच्या मृत्यूनिमित्त सार्वत्रिक माफी आली आणि चालू खटले गुंडाळले गेले. ज्यांना निर्दोष ठरायचे होते त्यांना माफी मिळाली, तीही ज्याच्या नावाने १९४७ चा हुकूम निघाला होता त्याच्या मृत्यूनिमित्त. अनेकांनी ही माफी आपल्याला नको असे सांगितले. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनाकारण ठसा न देण्याचे स्वातंत्र्य परकीयालाही आहे असे म्हटले, आणि त्याच निकालात ठशांची पद्धत घटनात्मक ठरवली. अखेर १ एप्रिल २००० पासून नोंदणीतील ठसा सर्वांसाठी संपला.

पत्त्याचा प्रश्न मात्र उरला. जपानी रहिवाशांची ‘जुमिन्ह्यो’ नावाची रहिवासी-नोंद असते. परकीयाची नोंद तिच्यात होत नसे, त्याचे रजिस्टर वेगळे. जपानी पुरुषाची परदेशी बायको त्याच घरात राहून त्या घराच्या नोंदीत नसे. २००२ मध्ये टोकियोजवळच्या नदीत एक सील मासे खायला आला. लोकांनी कौतुकाने त्याचे नाव तामा-चान ठेवले, आणि २००३ मध्ये योकोहामाच्या एका वॉर्डाने त्याला मानाची जुमिन्ह्यो दिली! तेव्हा काही परकीय रहिवासी तोंडावर मिशा रंगवून नदीकाठी जमले आणि आम्हालाही द्या म्हणाले. आपल्याकडे कुत्र्या-मांजरांना पाणवठा खुला होता, हे आठवून मला त्या बातमीवर फारसे हसू आले नाही.

२००७ च्या नोव्हेंबरपासून विमानतळावर परकीयांचे ठसे आणि छायाचित्र घेणे सुरू झाले; वसाहतकाळापासूनच्या कोरियन-तैवानी कुटुंबांना त्यातून वगळले आहे. ९ जुलै २०१२ रोजी परकीय-नोंदणीचा कायदा रद्द झाला, परकीयांची नावे जुमिन्ह्योत आली. नव्या पद्धतीतही पत्ता चौदा दिवसांतच कळवायचा आहे, आणि नव्वद दिवस कळवला नाही तर वास्तव्याचा परवानाच रद्द होऊ शकतो. टोकियोच्या एदोगावा भागात राहणाऱ्या आपल्याकडच्या संगणक अभियंत्यांना हा नियम लागू आहे. त्याच भागातून २०१९ मध्ये मराठी भाषक योगेंद्र पुराणिक वॉर्डसभेवर निवडून आले. जपानी नागरिकत्व घेतले होते म्हणूनच त्यांना उभे राहता आले. आजोबांच्या काळापासून तेथे कर भरणाऱ्या, पण कोरियन नागरिकत्व न सोडलेल्या माणसाला तेथे अद्याप मत नाही.

कावासाकीत साकुरामोतो नावाची जुनी कोरियन वस्ती आहे. २०१५ च्या अखेरीस आणि २०१६ च्या जानेवारीत कोरियनांना हाकला म्हणणारे मोर्चे तिच्या दिशेने काढले गेले. वस्तीतले लोक रस्त्यावर उभे राहिले, पुढे न्यायालयात गेले. डिसेंबर २०१९ मध्ये त्या शहराने द्वेषमूलक भाषणाला पाच लाख येनपर्यंत दंडाची तरतूद करणारा नियम केला. जपानमध्ये अशा फौजदारी दंडाची तरतूद प्रथम केली ती याच नगरपालिकेने.