मथळा, वर्णन आणि आतला मजकूर

इथे खारदांड्यात मासे घेणारा माणूस कोळिणीची हाक ऐकून थांबतो, पण कल्ले उघडून बघितल्याशिवाय पैसे काही काढत नाही. इंटरनेटवर शोधताना ही सोय नाही. दिसतो तो एक मथळा आणि खाली दोन ओळींचं वर्णन. तेवढ्यावरच क्लिक करायचं. आज त्या दोन ओळींच्या इतिहासावर बोलायचं, कारण त्यांच्यापायी आमचीच फजिती झाली आहे.

मागे आम्ही टिळकांवरच्या १८९७ च्या राजद्रोह खटल्यावर बोललो होतो. संयोजकांनी ते व्याख्यान चढवताना मथळा दिला, 'टिळकांविषयी लपवलेलं सत्य'. ऐकणारे पुष्कळ मिळाले. मग इथल्याच एका मावशींनी आम्हांला गाठलं. "सर, तासभर ऐकलं. ते लपवलेलं कुठं आलं?" काय सांगणार? लपवलेलं काही नव्हतंच, सगळं छापील!

खरं तर हे काम आपल्याकडे जुनं आहे. वेदान्तात ग्रंथारंभी अनुबंधचतुष्टय सांगण्याची रीत होती: विषय कोणता, प्रयोजन काय, ग्रंथाचा विषयाशी संबंध काय आणि अधिकारी कोण. अधिकारी, म्हणजे ग्रंथ कुणासाठी आहे. अर्थात कुणासाठी नाही, हेही त्यातच आलं. दासबोधाच्या पहिल्याच समासात श्रोते विचारतात, हा ग्रंथ कोणता, यात काय आहे, ऐकून काय मिळेल? समर्थ तिथल्या तिथे उत्तर देतात. आजचे मथळेकार 'काय मिळेल' तेवढं ठेवतात, बाकीचं गाळतात.

छापखान्यानंतर मथळा मजकुराला सोडून एकटाच फिरू लागला. जुलै १८९७ मधला 'केसरी' घ्या. रँडवर गोळी झाडली गेली २२ जूनला. पुण्यावर सरकारचा रोष झाला, आणि टिळकांनी विचारलं, 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' हा मथळा आजही शाळकरी पोरांना पाठ असतो. आतला अग्रलेख किती जणांनी वाचलाय? म्हणून अनेकांना वाटतं, शिक्षा याच लेखाला झाली. तसं नाही. खटला उभा राहिला तो १५ जूनच्या अंकातल्या मजकुरावर, म्हणजे गोळीबाराच्याही आधीच्या. शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेली कविता आणि अफझलखानवधावरच्या भाषणाचा वृत्तांत. त्यावर अठरा महिने सक्तमजुरी. पुढे १९०८ मध्ये ज्या लेखांवर सहा वर्षांची शिक्षा झाली, त्यांतल्या एकाचं नाव किती साधं: 'हे उपाय टिकाऊ नाहीत'. ते कुणाच्या तोंडी नाही.

टिळकांचा प्रश्न झणझणीत होता, पण फसवा नव्हता. आत तोच विचारलेला आहे. आमच्या व्याख्यानाच्या मथळ्यात नेमकं तेवढंच नव्हतं. आता गूगलसुद्धा पानाशी न जुळणारा मथळा बदलून आपला दुसरा दाखवतं, हे आम्हांला परवाच कळलं.

तेव्हा आम्ही संयोजकांना नवा मथळा लिहून दिला: 'टिळकांना १८९७ मध्ये शिक्षा कोणत्या मजकुरावर झाली?' खाली वर्णन: 'गाजलेल्या अग्रलेखावर नव्हे, १५ जूनच्या अंकातल्या मजकुरावर. खटला कसा चालला हे जाणून घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी, एक तास.' ते म्हणाले, "सर, उत्तर वरच दिलंत, आता आत येणार कोण?"

आम्ही म्हटलं, मावशी येतील. त्यांनी मान डोलावली, पण कालपर्यंत तरी जुनाच मथळा होता.