परदेशी रोजगाराचा परवाना : गिरमिटापासून व्हिसापर्यंत



आपल्या मोसम खोऱ्यातला शेतकरी नामपूरच्या बाजारात कांदा विकल्यावर हिशेबपट्टी हाती घेतल्याशिवाय घरी परतत नाही. वजन किती, भाव काय, हमाली-तोलाई किती कापली, हे तो उभ्या उभ्या पाहून घेतो. परंतु त्याच घरातला मुलगा परदेशी नोकरीस निघाला म्हणजे अनोळखी भाषेतील करारावर सही करून मोकळा होतो आणि व्हिसा आला एवढ्यावरच घरात पेढे वाटले जातात. तो व्हिसा कोणाच्या भरवशावर निघाला आणि ते काम सोडायचे झाल्यास वाट कोणती, हे विचारावयाचे राहून जाते. आम्ही कामगार संघटनेत आयुष्य घालवले. शाळा फारशी झाली नाही, जे वाचले ते युनियनच्या कचेरीत. त्या वाचनातून आमची खात्री झाली, की हा प्रश्न आजचा नाही. त्याला जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास आहे.

इंग्रजी साम्राज्यातील गुलामगिरी बंद करणारा कायदा १८३३ साली झाला आणि मॉरिशसच्या ऊसमळेवाल्यांना गुलामांच्या जागी माणसे हवी झाली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलस' जहाजाने कलकत्त्याहून ३६ मजूर तेथे आणले. पुढे मुंबई बंदरातूनही माणसे गेली. त्यांत कोकणातील मराठी कुटुंबे होती आणि त्यांचे वंशज आजही तेथे आहेत. असे मजूर ठराविक वर्षांच्या 'अ‍ॅग्रीमेंट'वर अंगठा उठवून जात. मजुरांच्या तोंडी त्याचेच गिरमिट झाले.

सरकारची देखरेख नव्हती असे नव्हे. १८३७ च्या कायद्याने निघण्यापूर्वी मजुराला अधिकाऱ्यापुढे हजर करून कराराच्या अटी लेखी दाखवाव्या लागत. बोभाटा झाला तेव्हा १८३९ साली भरती बंद झाली. १८४२ साली मॉरिशसपुरती पुन्हा सुरू झाली. म्हणजे कागद होता, अधिकारी होता. मग उणे काय होते? मुदत संपेपर्यंत मालक सोडण्याचा हक्क मजुराला नव्हता. एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापली जाई. करार पुरा केलेल्यांनाही १८६७ च्या कायद्याने आपले छायाचित्र लावलेले तिकीट जवळ बाळगावे लागे. नाही तर पोलीस भटक्या म्हणून धरीत. तेव्हा १८७१ साली या मजुरांनी अ‍ॅडॉल्फ द प्लेवित्झ या गोऱ्या गृहस्थाच्या साहाय्याने गव्हर्नरकडे अर्ज केला. त्यावर ९,४०१ जणांची नावे होती! पाठीशी युनियन नसताना एवढी माणसे एका कागदावर आली, हे आम्हां संघटनेच्या लोकांना आजही नवल वाटते. त्यातून रॉयल कमिशन नेमले गेले आणि १८७५ च्या अहवालाने मजुरांच्या तक्रारी बव्हंशी खऱ्या ठरवल्या.

तरीही गिरमिट चालूच राहिले. ते समूळ बंद करावे असा ठराव नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी ४ मार्च १९१२ रोजी वरिष्ठ कायदे कौन्सिलात मांडला. अडाणी माणसाला अपुऱ्या माहितीवर दूरदेशी नेणे आणि काम सोडल्यास त्याला गुन्हेगार ठरवणे, यावर त्यांचा मुख्य रोख होता. ठराव २२ विरुद्ध ३३ मतांनी पडला. गोखले १९१५ साली वारले. भरती थांबली १९१७ साली आणि फिजीतील उरलेल्या मजुरांची बंधने १ जानेवारी १९२० रोजी सुटली.

त्यानंतर १९२२ चा कायदा आला, आणि १९७३ नंतर आखातात तेलाच्या पैशाने रोजगार वाढला तेव्हा १९८३ चा. या कायद्याने भरती करणाऱ्या एजंटाला सरकारी नोंदणी सक्तीची केली. दहावी न झालेल्यांना ठराविक देशांत नोकरीस जाताना 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स' या अधिकाऱ्याची मंजुरी लागते. तरीही जुने दुखणे आखातात 'कफाला' या नावाने दीर्घकाळ राहिले. त्यात कामगाराचा व्हिसा एका मालकाच्या नावाशी बांधलेला असतो. मालक बदलायचा तर त्याच्याच संमतीचा कागद हवा. ही संमतीची अट कतारने २०२० साली काढली.

ऊसतोडीला जाणारा मजूर मुकादमाची उचल घेतो आणि ती फिटेपर्यंत त्याचे पाय बांधलेले असतात, हे आपण जवळून पाहतो. परदेशी जाण्यासाठी व्याजाने काढलेला पैसा हीदेखील उचलच होय. कर्ज डोक्यावर असलेला माणूस वाईट मालकालाही सोडू शकत नाही, मग कायदा काहीही म्हणो.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. जाऊ नका, असे आम्ही म्हणत नाही. पोटासाठी माणूस जाणारच. पण एजंटाची नोंदणी सरकारी 'ई-मायग्रेट' यादीत पाहा. दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्या. पर्यटनाच्या व्हिसावर कामाला जाऊ नका. करार आपल्या भाषेत समजावून घ्या, त्याची प्रत घरी ठेवा आणि पासपोर्ट मालकाच्या कपाटात जाऊ देऊ नका. आणि एकट्याने न विचारता दहा जणांनी मिळून विचारा. त्या ९,४०१ जणांचे गाऱ्हाणे सरकारला ऐकावे लागले, ते सारे एका अर्जावर आले म्हणूनच.