मिठागरातील पदार्थ-बदल आणि कायद्यातील ‘उत्पादन’

साष्टीच्या पूर्वकाठाने, मुलुंडपासून भांडुप, कांजूर, विक्रोळीवरून घाटकोपरपर्यंत, ठाण्याच्या खाडीला लागून जी खारवट सपाटी पसरली आहे, तिच्यावर पिढ्यानुपिढ्या मिठागरे चालत आली. ‘आगर’ या शब्दाशी ज्यांचे नाव जोडले जाते त्या आगरी समाजाचा इतिहास या सपाटीपासून वेगळा काढता येत नाही. तथापि मिठागरांकडे महसुलाच्या किंवा सत्याग्रहाच्या इतिहासाचे एक प्रकरण म्हणूनच बहुधा पाहिले गेले. वाफ्यात पाण्याचे नेमके काय होते आणि त्या घटनेला कायद्याने कोणते नाव दिले, या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहिल्यास मीठकराचा स्वभाव अधिक स्पष्ट होतो.

समुद्राच्या सरासरी पाण्यात एका किलोमागे सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. त्यांपैकी खाण्याचे मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, सुमारे 27 ग्रॅम. उरलेले मुख्यतः मॅग्नेशियम, कॅल्शियम व पोटॅशियम यांचे क्लोराइड आणि सल्फेट. उधाणाचे पाणी बंधाऱ्याआड घेऊन उथळ वाफ्यांतून पुढेपुढे नेले जाते, आणि ऊन व वारा यांच्या योगे ते आटत जाते. या आटण्यात एक ठराविक क्रम आहे. 1849 साली उसिल्यो याने भूमध्य समुद्राच्या पाण्यावर प्रयोग करून तो मोजून दाखविला. पाणी निम्म्याच्या आसपास आले की प्रथम कॅल्शियम कार्बोनेटचा साका बसतो. पाचव्या हिश्श्याच्या सुमारास जिप्सम. आणि मूळ पाण्याचा जवळजवळ दहावा हिस्सा उरला असता, बोमे मापनाच्या 25 ते 26 अंशांवर, मिठाचे स्फटिक धरू लागतात. 29–30 अंशांच्या सुमारास उरलेले कडू पाणी काढून टाकावे लागते, अन्यथा मॅग्नेशियमचे क्षार मिठात उतरतात. पावसाळ्यात भरड मिठाच्या बरणीला जे पाणी सुटते त्यात या मॅग्नेशियम क्लोराइडचा हात मोठा असतो. शुद्ध मीठही अतिदमट हवेत ओलावते, पण पुष्कळ उशिरा.

येथे शालेय रसायनशास्त्रातील पहिला प्रश्न उभा राहतो: हा बदल भौतिक की रासायनिक? पाठ्यपुस्तकाचे उत्तर निःसंदिग्ध आहे. पाण्यात विरघळलेले मीठ पाणी गेल्यावर परत मिळते. नवे द्रव्य निर्माण होत नाही. म्हणून बदल भौतिक. मिठागरावर याचा पुरावा दरवर्षी मिळतो, आणि तो आगऱ्याला महागात पडतो. मे अखेरीस उघड्यावर राहिलेली रास वळवाच्या एका सरीने पुन्हा पाणी होते. गंमत अशी की, साऱ्या क्रमात खरी रासायनिक अभिक्रिया म्हणता येईल अशी घटना आरंभीच घडते. विरघळलेल्या कॅल्शियम बायकार्बोनेटपासून कार्बन डायऑक्साइड निघून जाऊन कॅल्शियम कार्बोनेट बनते. ते मात्र वाफ्याच्या तळाशी चिखलात जाते, आणि त्यावर कोणी कर बसविला नाही.

पाठ्यपुस्तकाचे उत्तर अपुरे आहे, असाही पक्ष घेता येईल. 1887 साली आऱ्हेनियसने आयनांचा सिद्धांत मांडल्यापासून समुद्रात ‘मीठ’ म्हणून काही नसते, सुटे सोडियम व क्लोराइड आयन असतात, हे मान्य झाले. आणि 1913 साली ब्रॅगने मिठाच्या स्फटिकाची रचना उलगडल्यावर स्फटिकातही मिठाचे सुटे रेणू नाहीत असे दिसले. या दृष्टीने स्फटिक धरण्यापूर्वी मीठ अस्तित्वात नव्हते, असे म्हणण्यास जागा राहते. पण हा बचाव कायद्याच्या उपयोगी पडत नाही. कारण कायद्याला स्फटिक कोणी घडविला याच्याशी कर्तव्यच नव्हते.

1890 च्या मुंबई मीठ कायद्याने परवान्यावाचून मीठ करण्यास बंदी केली, आणि आपोआप बनलेले मीठ गोळा करणेही त्याच बंदीखाली आणले. हीच दृष्टी 1944 च्या केंद्रीय अबकारी व मीठ कायद्याच्या व्याख्येत पूर्ण विस्ताराने दिसते. मिठाच्या बाबतीत गोळा करणे, उचलून नेणे, भिजविणे, आटविणे, उकळणे, मातीपासून मीठ वेगळे करणे, किंबहुना जमिनीवर फुललेला नैसर्गिक क्षार खरवडून काढणे, हे सारे ‘उत्पादन’च. खडकाच्या खळग्यात सूर्याने आटविलेले पाणी आणि त्यातून उचललेली मूठभर खडी यांत माणसाचे कर्तृत्व वाकण्यापुरतेच असते. तरी तो उत्पादक ठरला.

याचे कारण शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. ज्या द्रव्याचा साठा अथांग आहे आणि ज्याला घनरूप देण्यास एक मडके व थोडे सरपण पुरते, त्यावर कर बसवायचा तर त्या अवस्थांतरावरच पहारा ठेवावा लागतो. 1930 साली कर मणाला सव्वा रुपया, म्हणजे शेरामागे अर्धा आणा होता. मणभर मिठास सुमारे 1,380 किलो समुद्रपाणी लागते. ऊन फुकट असल्यामुळे ते स्वस्तात आटते, आणि म्हणूनच मिठाच्या मूळ खर्चाच्या मानाने कर डोळ्यांत भरे.

एप्रिल 1930 मध्ये विलेपार्ले येथे जमनालाल बजाज, किशोरलाल मश्रूवाला आदींच्या पुढाकाराने जी छावणी उभी राहिली तिचा मार्ग मीठ करण्याचा होता. मे व जून महिन्यांत वडाळ्याच्या आगरावर जे जमाव चालून गेले त्यांनी तयार मिठाला हात घातला. या दोन कृतींतील भेद इतिहासलेखनात पुष्कळदा पुसला जातो. समुद्रपाणी कढईत पूर्ण आटविले तर मागे राहणाऱ्या 35 ग्रॅमांत 8 ग्रॅम इतर क्षार असतात. असे मीठ चवीला कडवट लागणार हे उघड आहे. एक किलो मिठासाठी 36 लिटरांच्या आसपास पाण्याची वाफ करावी लागते, आणि तेवढे सरपण जाळून ते बाजारात परवडण्यासारखे नव्हते. व्यापार म्हणून निरर्थक अशी ती कृती होती. पण कायद्याच्या व्याख्येत ती नेमकी बसत होती, आणि छावणीला तेवढेच हवे होते. वडाळ्याला मात्र प्रश्न रसायनाचा उरला नव्हता, मालकीचा झाला होता.

5 मार्च 1931 च्या गांधी-आयर्विन करारान्वये मीठ होणाऱ्या भागांलगतच्या गावकऱ्यांस घरगुती वापरापुरते मीठ गोळा करण्याची व करण्याची मुभा मिळाली. कर तसाच राहिला; त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्यावर अधिभारही चढला. तो उठला 1 एप्रिल 1947 रोजी. 1944 च्या कायद्याच्या नावातील ‘मीठ’ हा शब्द मात्र 1996 पर्यंत टिकून होता.