उतईची वाट

नोकरीनिमित्त भिलाईस राहत असता एका रविवारी मी उतईस पायी निघालो. भाताची कापणी संपली होती. बांधाबांधाने जाताना पोलाद कारखान्याची धुराडी बराच वेळ पाठीशी दिसत होती. तळ्याकाठी एका वृद्धाने विचारपूस करून मला ‘परदेसिया’ ठरविले. आपण उत्तरेकडील माणसाला परदेशी म्हणतो. येथे ती पदवी माझ्याकडे आली!

मराठी माणूस या मुलखात प्रथम आला तो मात्र असा एकटा, पायी नव्हे. १७४१ साली भास्करपंत कोल्हटकर फौजेसह छत्तीसगडात शिरले. रतनपूरचा वृद्ध हैहयवंशी राजा रघुनाथसिंह पुत्रशोकात बुडालेला. त्याने प्रतिकार केलाच नाही. तरीही तोफा डागल्या गेल्या आणि शहरावर एक लाख रुपये दंड बसला. आपण याला मोहीम म्हणतो. ज्यांनी दंड भरला त्यांचा शब्द निराळा असणार.

बिंबाजी भोसल्यांचे तसे नव्हते. १७५८ पासून १७८७ पर्यंत ते रतनपुरासच राहिले, तेथल्या टेकडीवर त्यांनी रामाचे देऊळ बांधले. रामटेकची आठवण येत असावी! त्यांच्या पश्चात कारभार सुभेदारांवर सोपवून धनी नागपुरास बसले, आणि १८५४ साली सारेच इंग्रजांकडे गेले. दसऱ्यास सोने वाटण्याची इकडील चाल बिंबाजींनीच पाडली, असे सांगतात.

वृद्धाला मी बिंबाजींविषयी विचारले. ते नाव त्याने ऐकले नव्हते. ‘सोनपान’ मात्र दर दसऱ्याला वाटतो, म्हणाला, आणि त्याने पाण्याचा लोटा माझ्यापुढे केला.